वल्लभेशाचे सोबती

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष म्हणजे आपल्या तुमसरच्या भागात दोन गोष्टींचा महिना. एक दत्तजयंतीचा आणि दुसरा धानाचा. हलके धान दिवाळीच्या आगेमागे निघून जाते. भारी धानाचे पुंजणे अजून शेतावर असतात, चुरणी चालू असते, बाजारात कट्ट्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. सकाळी जो माणूस मंदिरात पारायणाला बसतो, तोच दुपारी अडत्याच्या गादीवर दिसतो. कोणी चुकाऱ्यासाठी आलेला, कोणी मागच्या उधारीसाठी. सकाळी पोथी, दुपारी वही.

मग पुष्कळांच्या मनात येते की पोथीचे जग वेगळे आणि वहीचे वेगळे. धंदा म्हटला की थोडे खरे-खोटे चालायचेच, तिथे कशाला देव आणायचा? पण मंडळी, आपल्या जुन्या व्यापाऱ्यांनी तसे मानले नाही. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी 'श्री' लिहिले, 'शुभ-लाभ' लिहिले, लक्ष्मीपूजनाला त्याच वहीवर हळदकुंकू वाहिले. आणि गुरुचरित्र तर व्यवहाराने भरलेले आहे. त्यात व्यापारी आहेत, शेतकरी आहेत, सरकारी अधिकारी आहेत, नवस आहेत, करार आहेत, चोरसुद्धा आहेत. आज त्यातल्या दोन कथा आपण व्यवहाराच्या नजरेने पाहू. एक दहाव्या अध्यायातली, एक सत्तेचाळिसाव्या अध्यायातली. सात दिवसांच्या पारायणात पहिली बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी येते, दुसरी शेवटच्या दिवशी. वाचताना आपण चमत्कारावर थांबतो आणि हात जोडतो. तो जोडावाच. पण चमत्काराच्या आधी माणसे एकमेकांशी कशी वागली, तेही वाचले पाहिजे.

पहिली कथा : गोड बोलणारे सोबती

श्रीपाद श्रीवल्लभ कुरवपुरात गुप्त झाले, त्यानंतरची ही कथा. कुरवपूर म्हणजे कृष्णेच्या पात्रातले बेट, आजच्या रायचूरच्या बाजूचे. वल्लभेश नावाचा एक ब्राह्मण होता. उदीम-व्यापार करून तो पोट भरायचा आणि श्रीपादांचा भक्त होता. त्याने नवस केला की, या खेपेला व्यापारात लाभ झाला तर कुरवपूरला येऊन हजार ब्राह्मणांना भोजन घालीन. महाराजांच्या कृपेने लाभ झाला, तोही अपेक्षेच्या कितीतरी पट. वल्लभेश नवस विसरला नाही. द्रव्य बरोबर घेतले आणि निघाला.

आता पुढे लक्ष द्या. वाटेत त्याला चोर भेटले. ते काही तोंडाला फडके बांधून, काठ्या घेऊन आले नाहीत. ते यात्रेकरू होऊन आले. "आम्हीही कुरवपूरलाच निघालो, दरवर्षी जात असतो," असे म्हणाले. दोन-तीन दिवस ते त्याच्याबरोबर चालले. वल्लभेशाला वाटले, बरे झाले, देवाच्या वाटेवर देवाचीच माणसे भेटली. विश्वास बसला. मग एका रात्री त्यांनी त्याचा शिरच्छेद केला आणि द्रव्य घेतले.

तेव्हा श्रीपाद श्रीवल्लभ प्रकट झाले. हाती त्रिशूळ आणि खड्ग. त्यांनी चोरांना मारले. एकाने मात्र शरण येऊन सांगितले की, हे चोर आहेत हे मला ठाऊक नव्हते, मी वाटेत यांच्याबरोबर झालो, माझ्या मनातले तुम्ही जाणताच. महाराजांनी त्याला सोडले. नुसते सोडले नाही, त्याच्याच हाती विभूती दिली आणि वल्लभेशाचे शिर धडाला लावायला सांगितले. वल्लभेश झोपेतून उठावे तसा उठला. काय घडले ते त्याला त्या एकाने सांगितले. पुढे तो कुरवपूरला गेला आणि नवस फेडला.

या कथेत वल्लभेशाची चूक काय? भक्ती कमी होती? नाही. लोभ होता? तोही नाही, तो तर दान करायला निघाला होता. चूक एवढीच की, एकाच वाटेने जाणारा तो आपला सोबती असे त्याने धरले. देवाचे नाव एक, वाट एक, बोलणे गोड, म्हणजे मनही एक असे त्याला वाटले. ओळख तीन दिवसांची आणि विश्वास जन्माचा! व्यवहारात फसलेल्या माणसांना विचारा, दहापैकी बरेच जण हेच सांगतील. अनोळखी माणसाने फसवले असे कमी सांगतील. आपल्यातलाच होता, एकत्र आरतीला उभा राहायचा, आमच्या लग्नकार्यात पंगतीत वाढायचा, असे सांगतील. कारण अनोळखी माणसासमोर आपण पैशाची थैली सोडतच नाही. थैली सुटते ती ओळखीच्या माणसासमोर. म्हणून तर चोर ओळखीचा होऊन येतो.

आता कोणी म्हणेल, मग काय, कोणावर विश्वासच ठेवू नये? तसे असते तर महाराजांनी सगळ्यांनाच मारले असते. पण त्यांनी त्या एकाचा वेगळा विचार केला. टोळीत दिसला म्हणून चोर ठरवला नाही. जशी भक्तांच्या वेषातली सगळी माणसे साधू नसतात, तशी वाईट संगतीत सापडलेली सगळी माणसे वाईटही नसतात. माणूस पारखायचा तो एकेकटा, त्याच्या करणीवरून. जात पाहून नाही, गाव पाहून नाही, कपाळावरचे गंध पाहून तर मुळीच नाही. महाराज अंतर्यामी, त्यांना मनातले दिसते. आपल्याला मनातले दिसत नाही. मग आपण काय पाहावे? ते दुसऱ्या कथेत आहे.

दुसरी कथा : शब्द पाळणारी दोन माणसे

ही कथा गाणगापूरची. श्रीनृसिंहसरस्वती महाराज रोज संगमावर जात. वाटेवर एका शेतकऱ्याचे शेत होते. तो रोज धावत येऊन दंडवत घालायचा. एक दिवस महाराजांनी विचारले, बाबा, तुझ्या मनात काय आहे? तो म्हणाला, महाराज, यंदा पीक चांगले आले आहे, एकदा अमृतदृष्टीने बघा. महाराजांनी पाहिले आणि म्हणाले, माझ्या बोलण्यावर विश्वास असेल तर मी दुपारी परत येईपर्यंत हे सगळे पीक कापून टाक.

उभे पीक, अजून तयार व्हायचे आहे, आणि कापून टाक! आपल्या बांधीत धान नुकते पोटरीला आले असताना कोणी असे सांगितले तर आपण काय करू, ते ज्याने त्याने मनाशी ठरवावे. पण त्या शेतकऱ्याने पुढे जे केले, ते आपण वाचताना सोडून देतो. तो सरळ विळा घेऊन शेतात गेला नाही. आधी तो शेताच्या अधिकाऱ्याकडे गेला. कारण शेताच्या उत्पन्नात त्या अधिकाऱ्याचा वाटा होता. तो म्हणाला, मला या शेताचा खंड ठरवून द्या. अधिकाऱ्याला वाटले, पीक जोरात आहे म्हणून हा खंड मागतो. शेवटी मागच्या वर्षाच्या दुप्पट द्यायचे ठरले. ठराव पक्का झाला, मगच त्याने माणसे लावून पीक कापले.

बघा मंडळी, गुरूंवरची श्रद्धा त्याची स्वतःची होती. त्या श्रद्धेची जोखीम त्याने दुसऱ्याच्या माथी मारली नाही. "महाराजांनी सांगितले म्हणून कापले, आता तुमचा वाटा बुडाला, माझा काय इलाज?" असे तो म्हणू शकला असता. देवाच्या नावाने दुसऱ्याचे देणे बुडवणारी माणसे आपण पाहिलेली आहेत. हा तसा नव्हता. आधी देणे ठरवले, तेही दुप्पट, आणि मग श्रद्धेला मोकळे सोडले.

बायकामुलांनी आकांत केला. अधिकाऱ्याकडे तक्रार गेली. विचारणा झाली तेव्हा शेतकऱ्याने सांगितले की, माझ्या घरी धान्य आहे, गुरे आहेत, तुमचे ठरलेले मी देईन. म्हणजे शब्दाच्या मागे त्याने आपली मालमत्ता उभी केली. यालाच बँकेत आम्ही तारण म्हणायचो. दुपारी महाराज परत आले, कापलेले शेत पाहिले. मी सहज बोललो आणि तू खरेच कापलेस, असे म्हणाले. तो म्हणाला, तुमचा शब्द हाच माझा आधार.

पुढे काय झाले ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. हवा बिघडली, गारठ्याने गावातली उभी पिके गेली, मग अवकाळी पाऊस आला. याच्या शेतातल्या बुडख्यांना नव्याने फुटवे आले आणि कित्येक पटींनी धान्य पिकले. गावात कोणाकडे दाणा नाही आणि याच्याकडे ठेवायला जागा नाही.

चमत्कार इथे संपतो. मला विचाराल तर कथेचे खरे मोल याच्या पुढे आहे. शेतकरी अधिकाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, आपले ठरले होते दुप्पट, पण आता एवढे पिकले आहे, तर तुम्ही अर्धे घ्या. अधिकाऱ्याने काय करावे? घ्यावे की! समोरचा आपण होऊन देतो आहे. पण तो म्हणाला, असा अधर्म मी करणार नाही, ही तुझ्यावरची गुरुकृपा आहे, ती तुझी. ठरले तेवढेच दे.

या अधिकाऱ्याचे नाव कोणाच्या लक्षात नसते, पण व्यवहारातला मित्र कसा असावा हे त्याच्याकडून शिकावे. शेतकऱ्याने नुकसान दिसत असताना शब्द पाळला. अधिकाऱ्याने फायदा समोर आला असताना शब्द पाळला. यातले दुसरे अधिक कठीण आहे. तोटा होतो तेव्हा लाजेने, भीतीने, कोर्टकचेरीच्या धाकाने माणूस शब्द पाळतो. पण भाव चढल्यावर "अरे, मी तर स्वस्तात ठरवले" ही खंत गिळून ठरल्या भावाने माल देणारा, आणि भाव पडल्यावर वजनात, ओलाव्यात, कटतीत खुसपट न काढता ठरल्या भावाने माल उचलणारा, हे दोघे एकमेकांना भेटले की बाजारात मैत्री जन्मते. आपल्याला मनातले दिसत नाही ना? मग हे पाहावे. भाव बदलल्यावर माणूस बदलतो का, एवढे पाहावे. ही पारख तीन दिवसांत होत नाही. तिला दोन-चार हंगाम लागतात.

बांगड्यांचा आवाज

अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ते भागवताच्या एकादश स्कंधात आहेत. त्यात एक कुमारी आहे. तिला मागणी घालायला पाहुणे आले. घरात दुसरे कोणी नव्हते. पाहुण्यांना जेवू घालायला ती आत साळी कांडू लागली. हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. घरात कांडलेले तांदूळही नाहीत हे पाहुण्यांना कळेल म्हणून तिला लाज वाटली. तिने एकेक बांगडी कमी केली. दोन-दोन राहिल्या तरी आवाज होईच. शेवटी एकेक ठेवली, तेव्हा आवाज थांबला. यावरून अवधूत शिकला की, पुष्कळ एकत्र आले की कलह होतो, दोघे एकत्र आले तरी बोलाचाली होते, म्हणून योग्याने एकटे राहावे.

अवधूताला हे शोभते. आपण पडलो संसारी. आपल्या हाताला एकच बांगडी ठेवून कसे भागेल? शेतीला बटईदार लागतो, दुकानाला भागीदार लागतो, धान विकायला अडत्या लागतो. मग आपण काय करायचे? बांगड्या वाजतात त्या एकमेकींवर आपटतात म्हणून. पण बायामाणसे हिरव्या काचेच्या बांगड्यांमध्ये पाटली घालतात, ती मधे बसली की बांगड्या जागच्या जागी राहतात. दोन मित्रांच्या व्यवहारात ही मधली पाटली म्हणजे लिहिलेला हिशेब.

आपल्याकडे उलटी समजूत आहे. "आपल्या आपल्यात काय लिहायचे? मैत्रीत कागद कशाला?" असे मोठ्या अभिमानाने म्हटले जाते. कागद मागितला तर समोरच्याला अपमान वाटतो. खरे म्हणजे कागद हा अविश्वास नाही. माणूस लबाड नसला तरी विसराळू असतो. दोघेही प्रामाणिक असतात, पण तीन वर्षांपूर्वी बैल घेताना दिलेले पैसे एकाला उसने आठवतात आणि दुसऱ्याला मागचे देणे फेडले असे आठवते. दोघेही खरे, आणि दोघांचे बोलणे बंद. आणि समजा दोघांपैकी एक देवाघरी गेला, तर मुलांना काय माहीत? बापाची मैत्री मुलांना वारशात मिळत नाही, बापाची वही मात्र मिळते. आपल्याकडच्या हिंदी मुलखाशी लागून असलेल्या बाजारात जुनी म्हण आहे, हिसाब जौ जौ का, बख्शीश सौ सौ की. हिशेब जवाच्या दाण्याएवढा चोख ठेवावा, द्यायचेच तर शंभर द्यावे. दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळू नयेत.

फक्त एक सही

मी उभी हयात बँकेच्या काउंटरमागे काढली. तिथे मैत्रीचा सर्वांत मोठा कस लागताना पाहिला तो जामीनकीच्या कागदावर. कर्ज घेणारा मित्राला घेऊन येतो. "भाऊ, तुमी फक्त सही करा, बाकी मी पायतो." मित्रही वाचत नाही. चहा येतो, सह्या होतात, दोघे हसत बाहेर पडतात. पुढे हप्ते थकतात आणि नोटीस दोघांच्याही घरी जाते. मग जामीनदार कागद फडकवत येतो, "मी तर पैसे घेतलेच नाही जी, मले कायले नोटीस?"

दत्तभक्तहो, आपल्यातले पुष्कळ जण आता निवृत्त आहेत, घरातले मोठे आहेत. गावात नाव आहे, पेन्शन आहे, शेत आहे. म्हणून सहीसाठी लोक आपल्याकडेच येतात. त्यांच्यासाठी हे स्पष्ट सांगतो. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याच्या 128व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या जबाबदारीएवढीच असते. आधी कर्जदाराकडचे सगळे संपू दे, मग जामीनदाराकडे या, असे बंधन बँकेवर नसते. म्हणजे 'फक्त सही' असे काही नसते. सही म्हणजे 'याने नाही दिले तर मी देईन' हा शब्द. गाणगापूरच्या शेतकऱ्याने घरचे धान्य आणि गुरे दाखवून दिला तसा शब्द. जामीनदाराने कर्ज फेडलेच, तर 140व्या कलमाप्रमाणे बँकेचे कर्जदाराविरुद्धचे हक्क त्याला मिळतात. पण मित्राविरुद्ध ते हक्क वापरायची वेळ आली म्हणजे पैसा परत आला तरी मैत्री गेलीच.

म्हणून जामीन राहूच नये का? राहावे. कोणी तरी आपल्याला जामीन राहिला म्हणून तर आपलेही कधी घर उभे झाले. पण सही करताना मनाशी विचारावे, हे सगळे पैसे उद्या मला भरावे लागले तर माझ्या घरची चूल चालेल का, आणि त्यानंतरही मी याच्याशी बोलेन का? दोन्हींचे उत्तर 'हो' असेल तर आनंदाने सही करावी. नसेल तर तोंडावर नाही म्हणावे आणि झेपेल तेवढी रक्कम हातावर ठेवावी. नाही म्हटल्याने चार दिवस रुसवा राहतो. नको असताना केलेली सही दोन घरे मोडते.

भागीदारीचेही तसेच. 1932च्या भागीदारी कायद्यात भागीदारांनी एकमेकांशी न्यायाने आणि निष्ठेने वागावे, खरा हिशेब द्यावा, असे कर्तव्य सांगितले आहे. सरकारी कायद्याच्या पुस्तकात निष्ठा हा विषय यावा, याचे मला नेहमी नवल वाटते. त्याच कायद्याप्रमाणे फर्मचे देणे प्रत्येक भागीदाराचे देणे असते. आणि भागीदारीतून बाहेर पडताना जाहीर नोटीस दिली नाही, तर बाहेरच्यांचे देणे मागे लागू शकते. हातउसने पैसे दिले असतील तर साधारण तीन वर्षांत दावा करावा लागतो. त्या मुदतीच्या आत देणेकऱ्याने 'एवढे देणे आहे' असे लिहून सही करून दिली, तर मुदत नव्याने सुरू होते. म्हणून दर दिवाळीला दोघांनी बसावे, बाकी काढावी, सह्या कराव्या आणि मग फराळ करावा. जुने व्यापारी हेच करत आले. यात कोणाचा अपमान नाही.

औदुंबरच्या वाटेवरचे एक गाव

हे सगळे ऐकून कोणाला वाटेल की, मग व्यवहारात हिशेबच काय तो, मैत्रीला जागाच नाही. तसे नाही. आपल्यातले जे औदुंबर आणि नरसोबाच्या वाडीला रेल्वेने जातात, त्यांनी भिलवडीच्या जवळ किर्लोस्करवाडी नावाचे स्टेशन पाहिले असेल. सांगली जिल्ह्यातला औदुंबरचा तोच पलूस तालुका. ते गाव एका विश्वासावर उभे राहिले.

लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावला छोटा कारखाना चालवत होते. लोखंडी नांगर त्यांनी तयार केला, पण लोखंडाने जमिनीत विष पसरते अशी त्या वेळी समजूत होती. नांगर खपेनात. त्यात बेळगावची कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. दोघांचा आधीपासून स्नेह होता. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडलजवळ जागा दिली, भांडवलाला कर्ज दिले. 1910 साली लक्ष्मणराव तिथे गेले. माळरान, निवडुंग, साप-विंचू. जुने कामगारही घरदार घेऊन त्यांच्याबरोबर गेले.

यातही कागद होता, कर्ज होते, फेड होती. पण कागदाला जे दिसत नाही ते राजाने पाहिले. नांगर खपत नव्हते तरी माणूस कामाला चुकत नाही, बोलला तेवढे करतो, एवढे त्याला अनुभवाने ठाऊक होते. जागा आणि कर्ज दिले ते यावर. विश्वास असाच चालतो. आधी माणसाची करणी पाहायची, त्याला वेळ द्यायचा, मग सढळ हाताने ठेवायचा, आणि ठेवला की क्षणोक्षणी उकरून पाहायचा नाही. धान पेरल्यावर रोव कसे धरतात ते पाहायला कोणी रोज उपटून पाहत नाही.

कागद कोणी बुडवावे

शेवटी एक प्रश्न उरतो. समोरच्याची खरोखर ताकदच नसेल तर? पीक बुडाले, घरात आजारपण आले, तर हिशेब चोख हवा म्हणून गळ्याशी धरायचे का?

याचे उत्तर तुकोबांच्या चरित्रात आहे. तुकोबांचे घराणे सावकारी-व्यापाराचे. 1630च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ, त्यात घरात अन्नान्न दशा, धंदा बसला. पुढे वैराग्य आल्यावर त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, अशी कथा परंपरेने सांगतात. ती आपल्याला ठाऊक असते. पण त्यातला एक बारकावा पुष्कळदा सुटतो. त्यांनी सगळी खते बुडवली नाहीत. निम्मी धाकट्या भावाची, कान्होबाची, ती त्याला वेगळी काढून दिली. आपल्या वाट्याची तेवढी बुडवली.

केवढा हा हिशेब! एवढ्या वैराग्यातही त्यांनी भावाच्या हक्काला हात लावला नाही. उदार व्हायचे ते स्वतःच्या वाट्यातून. भावाच्या, भागीदाराच्या, मुलाबाळांच्या वाट्यातून उदारता दाखवायची नाही. आणि आपल्या वाट्यातून सोडायचे ठरले, तर पुरते सोडायचे. नदीत बुडवलेला कागद परत वाचता येत नाही. आपण तोंडाने "जाऊ दे" म्हणतो आणि मनातल्या वहीत व्याज चढवत राहतो, लग्नात, तेरवीत, चारचौघांत टोमणा मारतो. त्यापेक्षा मागून घेतलेले बरे.

दत्तभक्तहो, यंदाच्या पारायणात सत्तेचाळिसावा अध्याय वाचून झाला की पोथी गुंडाळण्याआधी क्षणभर थांबावे. कोणाला दिलेला शब्द राहून गेला आहे का, ते आठवावे. कोणाचे हातउसने राहिले असतील तर दत्तजयंतीच्या आधी नेऊन द्यावे, जमत नसेल तर निदान जाऊन तारीख सांगावी. वर्षानुवर्षे बोलणे बंद झालेला जुना भागीदार असेल तर दोघांच्या वह्या घेऊन एकदा बसावे, आणि प्रसाद त्याच्या घरी आपण होऊन पोहोचवावा. महाराज वल्लभेशासाठी धावून आले, कारण तो नवसाचा शब्द पाळायला निघाला होता. शब्द पाळायला निघालेल्या माणसाच्या मागे ते आजही चालतात, एवढा भरवसा धरायला हरकत नाही. आपल्या वाटेवरचे सोबती पारखण्याची बुद्धी त्यांनी आपल्याला द्यावी, आणि दुसऱ्याच्या वाटेवर आपण वल्लभेशाचे ते सोबती होऊ नये, एवढे त्यांच्या चरणी मागणे.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥